ठराव झालाय, मग गटार कुठाय?

सातारा जिल्ह्यातल्या एका पालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गल्लीतलं उघडं गटार बंदिस्त करायचा विषय सर्वसाधारण सभेत मंजूर झाला, त्याला सहा महिने होत आले. नगरसेवक म्हणतात, ‘ठराव झालाय, काम होणारच.’ पालिकेत विचारलं की ‘फाईल फिरतेय.’ मधल्या काळात दोनदा पाणी उंबऱ्याच्या आत आलं. सभेत नेमकं ठरतं तरी काय, आणि पुढच्या सभेला गल्लीतल्या चाळीस बायका घेऊन गेलं तर उपयोग होईल का, असं त्यांनी विचारलंय.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पालिकांत मिळून मी एकतीस वर्षं काढली. लिपिक म्हणून लागलो, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं सभेच्या टेबलावर गेली. म्हणजे विषयपत्रिका काढायची, सभेत कोपऱ्यात बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि मग इतिवृत्त लिहायचं. त्या अनुभवावरून सांगतो.

ताई, तुमचे नगरसेवक खोटं बोलत नाहीत आणि ‘फाईल फिरतेय’ म्हणणारा क्लार्कही बोलत नाही. ठराव म्हणजे सभागृहाची संमती. हे काम करायला आमची हरकत नाही, एवढंच त्यात असतं. पैसे कुठल्या खात्यातून, काम किती मीटरचं, कोण करणार, कधी करणार, हे ठराव झाल्या झाल्या ठरत नाही. ती सगळी पुढची फाईल. ती खरोखरच फिरत असते, फक्त कधी कधी एकाच टेबलाभोवती.

आधी एक खुलासा. सांगली-मिरज-कुपवाडला १९९८ पासून महापालिका आहे. तिथे आयुक्त, महापौर, स्थायी समिती आणि कायदाही वेगळा. तिकडच्या वाचकांनी मी सांगतोय ते जसंच्या तसं घेऊ नये. हे सगळं नगरपरिषदेचं आहे : सातारा, कराड, वाई, फलटण, विटा, तासगाव, आष्टा अशा गावांचं. त्यांना १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू आहे. साताऱ्याची पालिका १८५३ ची, पण आज तिचा कारभारही याच कायद्याने चालतो.

आता विषय सभेत येतो कसा ते बघा. सभेच्या आधी महिनाभर तो टेबलांवर फिरलेला असतो. नगरसेवक पत्र देतात, पत्राला आवक क्रमांक पडतो, पत्र बांधकाम विभागात जातं, तिथला अभियंता जागा बघून (किंवा न बघता) टिपणी (कामाची माहिती देणारा कार्यालयाचा कागद) लिहितो, लेखा विभाग त्यावर तरतुदीचा शेरा मारतो, म्हणजे बजेटमध्ये त्यासाठी पैसे आहेत का ते लिहितो, मुख्याधिकारी (पालिकेचे प्रशासकीय प्रमुख) सही करतात आणि अध्यक्ष, म्हणजे नगराध्यक्ष, कुठले विषय घ्यायचे ते ठरवतात. मग विषयपत्रिका निघते. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते, विशेष सभेची तीन दिवस आधी. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. या हिशोबात एक दिवस चुकला आणि कुणी बोट ठेवलं तर अख्खी सभा अडचणीत येते. म्हणून नोटीस वाटणाऱ्या शिपायाला आमच्याकडे फार मान. स्थळप्रतीवर, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर, प्रत्येक नगरसेवकाची सही आणायची, घरी नसतील तर घरातल्या जाणत्या माणसाची. कुणी मुद्दाम दार उघडत नसेल तर दारावर डकवून दोन पंचांसमक्ष तसं लिहून आणायचं. आमचा एक शिपाई सायकलवरून सगळं गाव करायचा. कोण नगरसेवक किती वाजता गोठ्यात असतो नि किती वाजता पारावर, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही विषयपत्रिका तुम्हाला वाचता आली पाहिजे. पालिकेच्या फलकावर ती लावतात. तुमच्या गटाराचा विषय साधारण असा असणार :

‘विषय क्र. १७ : प्रभाग क्र. ६ मधील श्री. कदम यांचे घर ते ओढा येथपावेतो बंदिस्त आर.सी.सी. गटर करणेकामी विचारविनिमय करून निर्णय घेणे.’

पहिल्यांदा शेवटचे शब्द वाचायचे. ‘अवलोकन करणे’ असेल तर सभागृहाने फक्त बघायचं आहे, निर्णय कुठलाच नाही. ‘विचारविनिमय करून निर्णय घेणे’ असेल तर पोत्यात काय आहे ते अजून उघडलेलं नाही, अंदाजपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज) बहुधा तयार नसतं. ‘अंदाजपत्रकीय रक्कम रुपये अमुक इतक्या खर्चास मंजुरी देणे’ असेल तर काम पुढे सरकलेलं आहे. आणि ‘कार्योत्तर मंजुरी देणे’ असेल तर काम कधीच होऊन गेलंय, आता कागद पुरे करताहेत. कार्योत्तर वाईटच असते असं नाही. भर पावसात पाण्याची मुख्य लाइन फुटली तर सभेची वाट कोण बघत बसणार? अशा वेळेसाठी अध्यक्षांना कायद्यात तातडीचे अधिकार दिलेले आहेत, कलम ५८ मध्ये. पण दर सभेत आठ-दहा विषय कार्योत्तर असतील, तर त्या पालिकेत पाइप जरा जास्तच फुटतात असं समजा.

दुसरी गोष्ट, कामाचं वर्णन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलाय.

नोकरीत कायम होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गाव सांगत नाही. एका बोळातल्या गटाराचा विषय होता, असाच ‘कदम यांचे घर ते ओढा’. नगरसेवकांच्या पत्रात तेवढंच होतं, टिपणीत तेवढंच उतरलं, मीही विषयपत्रिकेत आणि नंतर इतिवृत्तात तेवढंच लिहिलं. काम निघालं. दोन महिन्यांनी बोळातली माणसं कचेरीत आली, बायका पुढे. म्हणाली, काम झालं म्हणून पाटी लागलीय, गटार कुठाय? जाऊन बघितलं तर गटार झालेलं होतं. पण ते मागच्या गल्लीत, दुसऱ्या कदमांच्या घरापासून. तेही कदमच, तेही प्रभाग तोच आणि ओढाही तोच. ठेकेदाराला तिथली माती मऊ लागली असावी, बोळात जेसीबी शिरत नव्हता, इथे शिरत होता. अभियंत्याने माझ्यापुढे इतिवृत्ताचं रजिस्टर उघडून ठेवलं. ‘काय लिहिलंय तुम्ही? कदम यांचे घर. मग हे कदम नाहीत का?’ बिल निघालेलं होतं. बोळातल्या लोकांना पुढच्या वर्षाच्या बजेटची वाट बघावी लागली. त्यातल्या एका म्हातारीने जाताना मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर मी टेबलावर असेपर्यंत सिटी सर्व्हे नंबर आणि मीटरमधली लांबी असल्याशिवाय विषय घेतला नाही. ‘सि.स.नं. अमुक पासून तमुक पर्यंत, लांबी १२० मीटर’ असं लिहिलेलं असलं की कदम कितीही असोत. तुमच्या ठरावात हे आहे का बघा. नसेल तर आत्ताच, अंदाजपत्रक व्हायच्या आधीच, तसं पत्र द्या.

आता सभा. बाहेर अशी समजूत आहे की सभागृहात आरडाओरडा होतो म्हणजे तिथे काहीतरी मोठं ठरतं. आमच्या उभ्या आयुष्यात मी बघितलं ते असं : शोकप्रस्ताव, दोन मिनिटं उभं राहणं, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे (वाचत कुणीच नाही), मग जमाखर्च, मग पाणी शुद्ध करायला लागणाऱ्या टीसीएल पावडर आणि तुरटीचे वार्षिक दर, आठवडी बाजाराच्या फी वसुलीचा ठेका, घंटागाडीचे टायर, गाळ्यांची भाडी, कुत्र्यांचा बंदोबस्त. पस्तीस-चाळीस विषय दीड-दोन तासांत उरकतात. कोट्यवधीचा पाणी योजनेचा विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत अर्ध्या मिनिटात जातो आणि चौकाला नाव कुणाचं द्यायचं यावर पाऊण तास टेबलं वाजतात. यात दोष एकट्या नगरसेवकांचा नाही. पाणी योजनेची टिपणी चाळीस पानांची, ती सात दिवसांत वाचून समजायची म्हणजे जाणकार माणूस लागतो. चौकाचं नाव सगळ्यांनाच कळतं.

इतिवृत्तात मात्र आरडाओरड्यातलं काहीच उतरत नाही. तिथे एवढंच येतं : ‘ठराव क्र. १७ : विषयात नमूद कामी येणाऱ्या खर्चास सर्वानुमते मंजुरी देणेत येत आहे. पुढील योग्य ती कार्यवाही मुख्याधिकारी यांनी करावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ एक विरोधी नगरसेवक तासभर तावातावाने बोलले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ बघून माझ्या अंगावर धावून आले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही बोललात खरं, पण लेखी उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारा कागद, दिली नाही, मतदान मागितलं नाही, ‘माझा विरोध नावानिशी नोंदवा’ असंही म्हणाला नाहीत. मी लिहू काय? त्या दिवसापासून ते प्रत्येक सभेला कोऱ्या कागदांचं पॅड घेऊन यायला लागले. पुढे ते चांगले नगरसेवक झाले.

ऐनवेळचे विषय हा वेगळाच प्रकार. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘मा. अध्यक्ष यांचे परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ अशी एक ओळ असते. ती असते खरोखर अडलेल्या गोष्टींसाठी. पण सभा संपली, चहा झाला, सगळे पांगले आणि मग त्या ओळीखाली विषय वाढत गेले, असंही घडतं. सभागृहात कुणी उच्चारही केला नाही असा ठराव पुढच्या महिन्यात इतिवृत्तात निघतो. तुमच्या गटाराचा ठराव ऐनवेळचा असेल तर मला थोडी काळजी वाटेल. त्याला टिपणी नसते, तरतुदीचा शेरा नसतो. नगरसेवकाच्या समाधानासाठी घेतलेला असतो, नि कार्यालयाला ते माहीत असतं.

मधली चार वर्षं तर सभागृहच नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक पालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. तोवर प्रशासक. प्रशासकाच्या काळात टिपणी ठेवणारा मुख्याधिकारी तोच, आणि सभागृहाच्या वतीने ठराव करणाराही बहुतेक ठिकाणी तोच. कामं भराभर झाली म्हणणारे पुष्कळ आहेत, झालीही. पण विषय का घेतला असं विचारायला समोर कुणी बसलेलं नव्हतं. आता नवी बॉडी आलीय, निम्म्या जागांवर महिला आहेत (हे २०११ पासून आहे), पुष्कळ जणी पहिल्यांदाच सभागृहात बसल्यात. सभेच्या दारात उभे राहून आतल्या बायकोला खुणा करणारे पतीराजही आलेच. पण मी पाहिलंय, तिसऱ्या-चौथ्या सभेपासून बाई स्वतः टिपणी मागायला येते, नवऱ्याला व्हरांड्यात बसवून. तुमच्या प्रभागात तशी कुणी असेल तर तिला गाठा.

आता ठरावानंतरचं. इतिवृत्तावर सह्या होऊन ते पक्कं व्हायला काही दिवस जातात. एखादा ठराव कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरोधात आहे असं वाटलं तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. गटारावर कुणी तीनशे आठ लावत नाही, ते गाळ्यांच्या नि ठेक्यांच्या ठरावांना लागतं. तुमचं गटार अडलं असेल ते पुढच्या चारपैकी एका ठिकाणी.

पहिलं, तरतूद. पालिकेचं बजेट फेब्रुवारीअखेर मंजूर व्हावं लागतं. त्यात प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे वेगळं खातं, असतं. ‘नवीन गटर बांधणे’ या लेखाशीर्षाखाली पन्नास लाख असतील आणि तुमच्या आधी सत्तर लाखांचे ठराव झालेले असतील, तर तुमचा ठराव रांगेत उभा आहे. त्याहून वाईट म्हणजे टोकन तरतूद. लेखाशीर्ष उघडं राहावं म्हणून त्यापुढे एक हजार रुपये लिहून ठेवतात. पुस्तकात ओळ दिसते, नगरसेवक लोकांना ती ओळ दाखवतात आणि आकडा अंगठ्याखाली झाकलेला असतो.

पालिकेकडे पैसे का नसतात, हेही थोडक्यात सांगतो. पूर्वी जकात होती, रोजचा रोख पैसा. १९९९ मध्ये पालिकांची जकात गेली आणि त्याबदली शासनाचं सहायक अनुदान आलं. ते येतं त्यातलं बरंचसं पगारात जातं. घरपट्टी-पाणीपट्टीतून उरेल ते स्वनिधी, आणि वसुलीची अवस्था आपण सगळेच जाणतो. मोठी कामं होतात ती बाहेरच्या पैशांतून : जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, वस्ती सुधार योजना, वित्त आयोग. त्या प्रत्येकाला अटी. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१ ते २०२६ च्या, निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. रस्त्याच्या डांबराला तो लावता येत नव्हता, कितीही खड्डे असोत. तेव्हा ‘पालिकेत पैसे पडून आहेत’ आणि ‘पालिकेत पैसे नाहीत’ ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असू शकतात.

दुसरं ठिकाण, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी, म्हणजे त्या अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मान्यता. रक्कम लहान असेल तर पालिकेतच होते, मोठी असेल तर बाहेरच्या खात्याकडे कागद जातो. बाहेरचा निधी असेल तर प्रशासकीय मंजुरीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेतही. इथे गटाराची लेव्हल महत्त्वाची. साताऱ्यासारख्या गावात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, गटार काढलं की पाणी आपसूक खाली जातं. तिथे प्रश्न वेगाचा आणि वरून येणाऱ्या दगडगोट्यांचा. कृष्णाकाठच्या सपाट गावात काळ्या मातीत उतार मिळवताना अभियंत्याला घाम फुटतो. शेवट ओढ्याच्या पातळीच्या खाली जायला लागला तर पावसाळ्यात ओढाच उलटा गटारात शिरतो. तुम्ही लिहिलंय की पाणी उंबऱ्याच्या आत आलं. ते गटार तुंबून आलं की ओढ्याकडून उलटं आलं, हे बघून ठेवा. उलटं येत असेल तर नुसतं बंदिस्त करून भागणार नाही आणि कदाचित अंदाजपत्रक त्यासाठीच थांबलं असेल.

तिसरं, जागा. निम्म्या अडलेल्या फायलींचं कारण हे असतं आणि तोंडाने कुणी सांगत नाही. बिल्डरने प्लॉट पाडले, रेखांकन (प्लॉट नि रस्त्यांचा नकाशा) मंजूर करून घेतलं, प्लॉट विकले, पण आतला रस्ता आणि मोकळी जागा पालिकेच्या नावावर वर्गच केली नाही. कागदोपत्री तो रस्ता अजून जुन्या मालकाचा. खासगी जागेत पालिकेचा पैसा घातला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि आक्षेप सही करणाऱ्याच्या पेन्शनपर्यंत पाठलाग करतो. म्हणून अभियंता काम टाळतो, पण नगरसेवकाच्या तोंडावर नाही म्हणत नाही. मग फाईल फिरते. हद्दवाढीच्या भागात तर हा घोळ फारच. २०२० मध्ये साताऱ्याची हद्द वाढली, शाहूपुरीसारखा भाग पालिकेत आला. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीच्या काळातले रस्ते, गुंठ्याने घेतलेली घरं, तोंडी सोडलेले बोळ, हे सगळं कागदावर आणायला वर्षं लागतात. तुमची गल्ली तशी असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा. रस्ता कुणाच्या नावावर आहे ते पाच मिनिटांत कळतं. मालकाचं असेल तर गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून रस्ता वर्ग करून घेण्याचा अर्ज पालिकेला द्यायचा. गटाराच्या मागणीआधी हा अर्ज.

चौथं ठिकाण निविदा. ठरावीक रकमेच्या वर ई-निविदा काढावी लागते. कधी कुणी भरतच नाही, कारण काम लहान, बोळ अरुंद आणि मागची बिलं थकलेली. मग फेरनिविदा. कधी जादा दराची येते, मग ती परत सभेपुढे. हे सगळं पार पडलं की कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. ती हातात पडली की मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात करायची, त्याआधी नाही.

हे वाचून वाटेल की पालिकेत काही होतच नाही. तसं नाही हो. देशपातळीवरच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कराड पहिलं आलं, २०२१ ला विटा आणि २०२२ ला पाचगणी. सलग तीन वर्षं, तिन्ही आपल्याच दोन जिल्ह्यांतली गावं. तिथेही हाच कायदा आणि हेच टीसीएलचे विषय होते. मला विचाराल तर फरक एका साध्या गोष्टीत असतो : विषय सभेत जायच्या आधी टिपणी पुरी लिहिलेली असते की नाही. जिथे अभियंता जागेवर जाऊन, टेप लावून, तरतूद बघून टिपणी लिहितो, तिथे सभेत भांडणंही कमी होतात आणि काम चार महिन्यांत उभं राहतं.

तर आता करायचं काय. सोमवारी सकाळी पालिकेत जा, सभेच्या टेबलावर. ठरावाची तारीख आणि क्रमांक विचारून त्या ठरावाच्या नकलेसाठी अर्ज द्या. फी किरकोळ असते. ‘कशाला पाहिजे’ म्हणून विचारलं तर ‘घरी लावायला’ म्हणा, पण अर्जावर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. नकलेत तीन गोष्टी बघा : विषय छापील विषयपत्रिकेतला आहे की ऐनवेळचा, जागेचं वर्णन नेमकं आहे का, आणि टिपणीवर लेखा विभागाचा तरतुदीचा शेरा काय आहे.

नंतर गरज पडली तरच माहितीचा अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, हे लोक विसरतात आणि अर्ज परत येतो. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नसतं, ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा येईल. कागद मागा : ठराव क्रमांक अमुकच्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरीचं पत्र, लेखाशीर्ष आणि त्यावरची शिल्लक. जो कागद देता येत नाही, तिथे फाईल थांबलेली आहे. पण पहिल्याच दिवशी हा अर्ज टाकला तर टेबलावरचा माणूस बिचकतो आणि जे तोंडी सांगितलं असतं तेही सांगत नाही. मीही बिचकायचो.

चाळीस बायकांचं विचारलंत. सभा लोकांना खुली असते, येऊन मागे बसायचा तुम्हाला हक्क आहे. पण चाळीस जणी आल्या तर दार बंद होतं, अध्यक्ष आश्वासन देतात, फोटो निघतो आणि इतिवृत्तात ओळही येत नाही, कारण प्रेक्षकांचं बोलणं आम्ही टिपतच नाही. त्यापेक्षा दोघी या. वही-पेन घेऊन, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसा, काही बोलू नका, फक्त लिहीत राहा. एका गावात एक निवृत्त शिक्षिका असं दर सभेला बसायच्या. काय लिहितात कुणालाच माहीत नव्हतं. त्या आल्या की अध्यक्ष विषय पूर्ण वाचायला सांगत. चाळीस जणींच्या सह्या मात्र घ्या, त्या लागतील. जानेवारीत, बजेटची जुळवाजुळव चाललेली असते तेव्हा, सह्यांचं पत्र मुख्याधिकाऱ्यांना आणि अध्यक्षांना द्या. प्रत्येक सहीपुढे घराचा मिळकत क्रमांक लिहा आणि ज्यांची घरपट्टी भरलेली आहे त्यांनी पावतीची झेरॉक्स जोडा. थकबाकीदारांच्या सह्या असलेल्या पत्राचं पहिलं पान उलटायच्या आत वसुली विभागाला फोन जातो, हे मी स्वतः केलेलं आहे.

नगरसेवकांशी भांडू नका. नकलेची एक प्रत त्यांनाही नेऊन द्या. आपण केलेला ठराव कागदावर कसा दिसतो हे पुष्कळांनी पाहिलेलं नसतं.

नक्कल हातात आली की टिपणीवरचा तरतुदीचा शेरा मला कळवा. आकडा असेल तर पुढे कुठल्या टेबलावर जायचं ते सांगेन. टोकन असेल तर जानेवारीच्या पत्राची तयारी आत्तापासून करा. आणि गल्लीत एकाच आडनावाची दोन घरं आहेत का, तेवढं आजच बघा.